निरुत्तराचे प्रामाण्य

एखादी वस्तू आहे हे कळणे आणि ती नाही हे कळणे, या दोन ज्ञानांची जात एकच की निराळी, हा प्रश्न आपल्याकडील दर्शनकारांनी पिढ्यान्‌पिढ्या लढवला. जमिनीवर घट दिसतो तेव्हा डोळ्यांचा घटाशी संबंध येतो आणि त्या संबंधातून ज्ञान उपजते. परंतु जमिनीवर घट नाही असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांचा संबंध नेमका कशाशी आला? नैयायिकांनी उत्तर दिले की अभाव हाही एक पदार्थच असून रिकाम्या भूतलाचे विशेषण म्हणून तो प्रत्यक्षानेच कळतो. प्रभाकराच्या अनुयायांनी अभाव नावाचा स्वतंत्र पदार्थ मानण्यासच नकार दिला. त्यांच्या मते तेथे नुसते भूतल दिसते, आणि बाकीची सारी बडबड आपली आहे. सातव्या शतकातील कुमारिल भट्टाने मात्र प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती या पाचांच्या पंक्तीला अनुपलब्धी हे सहावे प्रमाण बसवले, आणि न आढळणे हेच नसण्याच्या ज्ञानाचे स्वतंत्र साधन होय असे प्रतिपादन केले. पुढे अद्वैत वेदान्त्यांनीही व्यवहाराच्या पातळीवर हे भाट्टमत स्वीकारले.

हा वाद पाठशाळेच्या उंबरठ्याआड राहिला असता, तर सामान्य वाचकाने त्याची दखल न घेतली तरी चालले असते. परंतु ‘उत्तर येत नाही, त्या अर्थी पलीकडे कोणी नाही’ हे अनुमान माणूस जन्मभर करीत असतो, आणि त्याचे सर्वांत गंभीर रूप धर्माच्या प्रांतात आढळते: प्रार्थनेला उत्तर आले नाही, एवढ्यावरून ऐकणारा नाही असे समजावे काय? या प्रश्नाकडे मी जरा आडवाटेने जाऊ इच्छितो. दूरदूरच्या गावांना जोडणाऱ्या संगणकजाळ्यांतील बिघाड हुडकणारे जे तंत्रज्ञ असतात, त्यांचा निम्मा व्यवसाय निरुत्तराचा अर्थ लावण्याचाच असतो. आणि त्यांनी लावलेला अर्थ चुकला तर त्याचा दाखला त्यांना घटकाभरात मिळतो, ही सोय धर्मचर्चेत कोणाला क्वचितच लाभते.

बँकेच्या तालुक्याच्या शाखेतून ‘लिंक नाही’ एवढे दोन शब्द ऐकून ज्याला पासबुक तसेच काखोटीला मारून परतावे लागले, त्या ग्राहकाला या जाळ्याचे अस्तित्व त्याच्या अभावातूनच प्रथम कळलेले असते. शाखेतला राउटर, तेथून भाड्याने घेतलेली लीज्ड लाइन, तिच्या वाटेवरील टेलिफोन एक्स्चेंजमधील उपकरणे, पुढे सेवा पुरविणाऱ्या कंपनीचे अनेक राउटर आणि शेवटी शहरातील डेटा सेंटर, अशी ही परंपरा असते. यांतील प्रत्येक राउटर आपल्यापुढे आलेल्या पॅकेटावरील पत्ता वाचतो, रूटिंग टेबलाच्या दफ्तरात पाहतो, आणि ते पॅकेट योग्य त्या शेजाऱ्याच्या हवाली करून त्याला विसरून जातो. ते मुक्कामी पोहोचले की नाही याची पोच मागणे हा त्याच्या कर्तव्याचा भाग नाही; किंबहुना वाटेत गर्दी उसळली तर काही पॅकेटे टाकून द्यावीत आणि त्याचा गवगवा करू नये, असाच या व्यवस्थेचा मूळ दस्तूर आहे. म्हणजे मौन हा येथे अपघात नसून ते या व्यवस्थेच्या घटनेतच लिहिलेले आहे, आणि म्हणूनच त्या मौनाची भाषा शिकल्यावाचून येथे कोणाचेही पाऊल पुढे पडत नाही.

शाखेतून तक्रार येते, ‘नेट बंद आहे.’ नव्यन्यायाच्या दृष्टीने ही तक्रार दाखल करून घेण्याजोगी नाही. अभाव म्हटला की तो कोणाचा, म्हणजे त्याचा प्रतियोगी कोणता, आणि तो कोठे, म्हणजे त्याचा अनुयोगी कोणता, ही दोन्ही अंगे सांगितल्याशिवाय अभावाचे वाक्य पुरे होत नाही. मिथिलेचे आणि नवद्वीपचे पंडित ज्या कसोशीने ही दोन अंगे वदवून घेत, त्याच कसोशीने मुरलेला तंत्रज्ञ फोनवर विचारतो: काय चालत नाही, आणि कोठून चालत नाही? एकाच खिडकीवरचा संगणक की सगळी शाखा? बँकेचा खातेवहीचा कार्यक्रम उघडत नाही की साधा पिंगसुद्धा परत येत नाही? राउटर स्वतःविषयी काय जबानी देतो? पुष्कळदा राउटर सांगतो की इंटरफेस अप आहे, पण लाइन प्रोटोकॉल डाऊन आहे. म्हणजे तारेवर विद्युत्‌संकेत आहे, पलीकडे काहीतरी सजीव असल्याची खूण आहे, परंतु दोघांत संभाषण नाही. देहाचे असणे आणि संवादाचे असणे यांची अशी रोखठोक विभागणी करून देणारा साक्षीदार आपल्या सामान्य व्यवहारात फार क्वचित भेटतो.

वैशेषिकांनी अभावाचे चार प्रकार सांगितले, तेही या तपासात एकेक करून हजर होतात. नवी लाइन टाकली, ती अद्याप एकदाही चालू झालेली नाही, हा प्रागभाव. काल दुपारपर्यंत चालत होती आणि आज चालत नाही, हा प्रध्वंसाभाव. त्या दोन ठिकाणांच्या दरम्यान रूटिंगचा मार्ग कोणी कधी नेमूनच दिला नाही, हा अत्यन्ताभाव. आणि ज्या यंत्राशी आपण बोलत आहो ते मुळी ते यंत्रच नव्हे, एकच आयपी पत्ता दोघांना दिल्यामुळे भलताच कोणी हाकेला ओ देतो आहे, हा अन्योन्याभाव. ‘पूर्वी चालत होते का?’ हा प्रश्न अनुभवी तंत्रज्ञ सर्वांआधी विचारतो तो यासाठी, की प्रागभाव असेल तर रचनेतली चूक शोधायची असते आणि प्रध्वंस असेल तर मधल्या काळात कोणी काय बदलले याची चौकशी करायची असते. ध्वंस झालेली वस्तू पुन्हा होत नाही, जी होते ती नवी, हा नैयायिकांचा सिद्धान्त वरवर हट्टाचा वाटतो खरा. पण राउटरांनी एकमेकांना मार्ग सांगण्याच्या बीजीपी नावाच्या पद्धतीतले तुटलेले सत्र पुन्हा जुळते तेव्हा दोन्ही शेजारी सामान्यतः आपली मार्गांची यादी प्रथमपासून एकमेकांना वाचून दाखवतात, जणू त्यांची ओळख आजच झाली आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पिंग या नावाने प्रसिद्ध असलेले साधन अमेरिकन सैन्याच्या बॅलिस्टिक संशोधनशाळेतील माइक म्यूस याने १९८३च्या डिसेंबरात लिहिले. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते: पलीकडच्या यंत्राला ‘आहेस का?’ असे विचारायचे आणि ठरावीक मुदतीत त्याच शब्दांचा प्रतिशब्द येतो का ते पाहायचे. उत्तर आले तर ठीक. न आले तर पडद्यावर ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असा शेरा उमटतो, आणि नवशिका तत्काळ निकाल देतो की पलीकडचे यंत्र मेले. वस्तुतः यंत्र बंद असेल. लाइन तुटली असेल. वाटेवरील फायरवॉलला असले प्रश्न अडवण्याचा हुकूम असेल. प्रश्न सुखरूप पोहोचला असेल, उत्तरही निघाले असेल, परंतु पलीकडच्या राउटरला आपल्या गावाकडे येण्याचा मार्ग कोणी सांगितलेला नसेल. ही शेवटची गोष्ट दूरपल्ल्याच्या जाळ्यांत इतकी नित्याची आहे, की जाण्याचा मार्ग तपासून जो थांबतो त्याचा तपास अर्धाच झाला असे समजतात.

धर्मकीर्तीने न्यायबिंदूत अनुपलब्धीचे अकरा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील कार्यानुपलब्धी समजावताना एक अट मोठ्या सावधपणे घातली आहे. धूर दिसत नाही, एवढ्यावरून ज्यांच्या सामर्थ्याला कोणताही प्रतिबंध नाही अशी धुराची कारणे येथे नाहीत, इतकेच म्हणता येते. अग्नी मुळीच नाही असे म्हणण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, कारण ओले लाकूड, बंद दार, वाऱ्याची दिशा यांचा हिशेब अजून व्हायचा असतो. कुमारिलाच्या परंपरेने हीच गोष्ट योग्यानुपलब्धी या नावाने सांगितली: वस्तू असती तर ती आढळण्यास योग्य होती, आढळण्याची सगळी सामग्री सिद्ध होती, आणि तरीही ती आढळली नाही, तरच तिचा अभाव सिद्ध होतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. पिंगाच्या निरुत्तरातून जे निष्पन्न होते ते याहून एक तसूभरही अधिक नसते: अप्रतिबद्ध मार्ग, जागे यंत्र, उत्तराची परवानगी आणि परतीची वाट, या चारही गोष्टी एकत्र नाहीत. त्यांपैकी कोणती नाही, हे मौन स्वतः होऊन सांगत नाही. ते वेगळ्या प्रश्नांनी वदवून घ्यावे लागते.

त्या वेगळ्या प्रश्नांपैकी सर्वांत चतुर प्रश्न ट्रेसराउट विचारतो. जाळ्यातील प्रत्येक पॅकेटावर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो. आकडा शून्य झाला की पॅकेट तेथेच टाकून देऊन तो राउटर ‘तुमच्या पॅकेटाची मुदत येथे संपली’ अशी वर्दी मूळ प्रेषकाला धाडतो. ही योजना मुळात चकव्यात सापडलेली पॅकेटे अनंत काळ फिरत राहू नयेत म्हणून केलेली. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात व्हॅन जेकबसन याने तिचा उपयोग करून घेतला: एक आकडा लिहिलेले पॅकेट पहिल्या राउटरावर संपते, दोनाचे दुसऱ्यावर, तिनाचे तिसऱ्यावर, आणि या क्रमाने एकेका अंताच्या वर्दीतून संपूर्ण मार्गाचा नकाशा हाती येतो. पण या नकाशात पुष्कळदा असे दिसते की चौथ्या जागी नाव नसून तीन तारकांचे चिन्ह आहे, म्हणजे त्या राउटराने उत्तर दिले नाही, आणि तरी पाचवा, सहावा, सातवा बिनतक्रार बोलत आहेत. याचा अर्थ उघड आहे. पाचव्यापर्यंतची वाट चौथ्यातूनच गेली. तो आपले वाहून नेण्याचे काम चोख करीत होता, फक्त स्वतःविषयीच्या प्रश्नाला उत्तर देणे त्याने टाळले होते.

वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने भगवान बुद्धांना विचारले, आत्मा आहे काय? बुद्ध मौन राहिले. मग आत्मा नाही काय? तेव्हाही ते मौन राहिले आणि वच्छगोत्त उठून निघून गेला. आनंद या शिष्याने कारण विचारले असता बुद्धांनी खुलासा केला की ‘आहे’ म्हटले असते तर ते शाश्वतवाद्यांच्या बाजूचे झाले असते, ‘नाही’ म्हटले असते तर उच्छेदवाद्यांच्या, आणि आधीच गोंधळलेला तो मनुष्य अधिकच गोंधळला असता. ज्याने त्या मौनातून अज्ञानाचे अनुमान काढले त्याने पुढच्या मुक्कामांकडे पाहिले नाही. कारण त्याच बुद्धांनी सांगितलेल्या मार्गावरून माणसे पुढे जातच होती. एखाद्याच्या मौनाचा निवाडा त्याच्या शब्दांच्या अभावावरून न करता त्याच्यातून पुढे काय जाते त्यावरून करावा, ही दृष्टी तारकांच्या त्या ओळीने तंत्रज्ञाला शिकवलेली असते.

एवढी दक्षता घेतली तरी शंकेला शेवट नसतो. अडचणीची वर्दी देणाऱ्या संदेशांचे नियम १९८१च्या सप्टेंबरात जॉन पोस्टेल याच्या हातून लिहिले गेले तेव्हाच त्यांत असे कलम घालण्यात आले की अशा संदेशांविषयी पुन्हा असलेच संदेश पाठवू नयेत, नाहीतर संदेशाविषयी संदेश, त्याविषयी आणखी संदेश, अशी न संपणारी साखळी सुरू होईल. आपल्या तार्किकांनी अनवस्था हा दोष मानला तो नेमक्या याच कारणासाठी. पोच मिळाल्याची पोच, तिची आणखी पोच, असे करीत गेले तरी शेवटचा संदेश पोहोचला की नाही याविषयी शेवटचा पाठवणारा सदैव साशंक राहणारच, हे संगणकशास्त्रात १९७५पासून सांगितले गेले आहे आणि पुढे ते दोन सेनापतींच्या कोड्याच्या रूपाने प्रसिद्ध झाले. भरवशाच्या नसलेल्या वाटेवरून पूर्ण निश्चय कधीच मिळत नाही. कोठेतरी थांबून, इतके पुरे, असे म्हणावे लागते. श्रद्धेचा एक कण प्रत्येक ज्ञानव्यवहारात असतो असे जे म्हणतात ते भाबडेपणाने म्हणत नाहीत.

मग मौन कधीच प्रमाण होत नाही काय? होते, आणि ते कसे होते हे राउटरांच्या शेजारधर्मात दिसते. ओएसपीएफ नावाच्या रूटिंगच्या पद्धतीत दोन शेजारी राउटर सर्वसाधारणपणे दर १० सेकंदांनी एकमेकांना ‘हॅलो’ म्हणतात आणि ४० सेकंदांत एकही हॅलो कानी आला नाही तर शेजारी गेला असे धरून त्याच्याकडून जाणारे सर्व मार्ग बरखास्त करतात. बीजीपीतही असाच शिरस्ता आहे, फक्त मुदत अधिक लांब असते. विशेष असे की हॅलोत ही दोन्ही अंतरे लिहिलेली असतात आणि ती दोघांची जुळली नाहीत तर शेजारपणच जुळत नाही. अर्थात येथे मौनाला अर्थ आला तो कराराने. अमुक मुदतीत मी बोलेन असे ज्याने स्वतःला बांधून घेतले आहे, त्याचेच न बोलणे साक्षीत ग्राह्य धरता येते. ज्याने असा शब्द दिलेला नाही, त्याच्या मौनावरून त्याच्याविरुद्ध निकाल देता येत नाही. कुमारिलाची योग्यता प्रकाश, डोळे आणि सान्निध्य यांतून येते. शेजाऱ्यांची योग्यता वचनातून येते.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी जे घडले त्यात या साऱ्या विचाराची कसोटी लागली. फेसबुकच्या अभियंत्यांनी देखभालीच्या कामात आपल्या जागतिक कणाजाळ्याची (बॅकबोनची) क्षमता अजमावण्यासाठी एक हुकूम दिला. त्या हुकुमाने कण्याच्या सगळ्याच जोडण्या तुटल्या, आणि असल्या घातक हुकुमांना अडवण्यासाठी नेमलेल्या तपासनीस कार्यक्रमातील दोषामुळे तो अडवलाही गेला नाही. या कंपनीचे नावांचे पत्ते सांगणारे सर्व्हर अशा बेताने रचलेले होते की डेटा सेंटरांशी आपले बोलणे होत नाही असे दिसताच त्यांनी स्वतःला नादुरुस्त मानावे आणि आपल्याकडे येण्याचे मार्ग जगाला सांगणे बंद करावे. ते त्यांनी प्रामाणिकपणे केले. धडधाकट असूनही ते जगाला दिसेनासे झाले. भारतात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेले होते. व्हॉट्सअ‍ॅप थबकलेले पाहून ज्याने घरातला राउटर बंद करून पुन्हा सुरू केला, त्याने अभाव ओळखला होता, पण अनुयोगी चुकवला होता. इकडे दुरुस्तीची साधनेही त्याच जाळ्यावर अवलंबून असल्यामुळे माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरांत पाठवावे लागले, आणि सेवा पूर्ववत होण्यास सुमारे सहा तास लागले. ज्या ज्ञानसाधनाची परीक्षा करायची, तेच परीक्षेचे साधन केले म्हणजे काय ओढवते याचे हे उदाहरण होय. म्हणूनच जाणते लोक मुख्य जाळ्याहून निराळी अशी एक क्षीण, मंद, पण स्वतंत्र वाट राउटरापर्यंत नेहमी राखून ठेवतात. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःहून सिद्ध असते की बाहेरून ठरवावे लागते या मीमांसक आणि नैयायिक यांच्या जुन्या खटल्यात ही दक्षता नैयायिकांच्या बाजूने साक्ष देते.

आता प्रार्थनेच्या प्रश्नाला थेट भिडता येईल. चार्वाकाचा युक्तिवाद सरळ आहे: ईश्वर आढळत नाही, म्हणून तो नाही. मिथिलेच्या उदयनाचार्याने न्यायकुसुमांजलीत त्याला जे उत्तर दिले त्यातला विनोद शतके लोटली तरी शिळा झालेला नाही. न दिसणे म्हणजेच नसणे, असा ज्याचा सिद्धान्त, तो चार्वाक घराबाहेर पडला की त्याला बायकामुले दिसेनाशी होतात. मग त्याने घरी परतण्याचा विचार सोडून तेथेच शोक करीत बसावे! केवळ अनुपलब्धी पुरेशी नाही, योग्यानुपलब्धी हवी. आणि ईश्वर हा इंद्रियांना आढळण्यायोग्य पदार्थच नसल्यामुळे त्याच्या न आढळण्याने त्याचे नसणे सिद्ध होत नाही. तर्क निर्दोष आहे. परंतु त्याच उदयनाविषयी एक आख्यायिका सांगतात, की तो पुरीला जगन्नाथाच्या दर्शनास गेला असता देवळाचे दार बंद मिळाले, तेव्हा हा नैयायिक देवावरच रागावला आणि म्हणाला, ऐश्वर्याच्या मदात आज तू माझी अवज्ञा करतोस, पण बौद्ध चालून येतील तेव्हा तुझे अस्तित्व माझ्यावर अवलंबून आहे हे विसरू नकोस. ग्रंथातल्या उदयनाला देवाचे मौन खपत होते. दारातल्या उदयनाला ते खपले नाही.

या दोन उदयनांत विसंगती आहे असे मला वाटत नाही. ग्रंथातला ईश्वर हा जगाचा कर्ता म्हणून अनुमानाने सिद्ध केलेला आहे आणि अनुमानाने सिद्ध झालेल्या कर्त्याने आपल्याला भेटीची वेळ दिलेली नसते. दारातला जगन्नाथ हा भक्ताचा शेजारी आहे. त्याच्याशी हॅलोची अंतरे ठरलेली आहेत. आपल्या संतांचे देवाशी भांडण समजायचे तर हा भेद ध्यानी घ्यावा लागतो. देव नैवेद्य खातो असे वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि बाळ नामदेवाने ते शब्दशः खरे मानले, म्हणून तर विठ्ठल खाईना तेव्हा त्याने पायरीवर डोके फोडून घेण्याचा हट्ट धरला, अशी कथा आहे. तुकोबा पांडुरंगाला निष्ठुर म्हणतात, ऋणको म्हणतात, त्याच्यावर उघड फिर्याद गुदरतात. आणि फिर्याद तीच व्यक्ती करते जिच्याजवळ काही एक करार असतो. याउलट पूर्वमीमांसेत कर्माचे फळ अपूर्वाच्या द्वारे मिळते, तेथे उत्तर देणारा ईश्वर मुळी गृहीतच नाही; जैनांचा तीर्थंकर मुक्त झालेला आहे, तो मागणी पुरवीत नाही. त्यांच्या मंदिरातील शांततेचा अर्थ वारकऱ्याच्या विरहाच्या मापाने लावणे म्हणजे एका शेजाऱ्याशी ठरलेली मुदत दुसऱ्यावर लादण्यासारखे आहे. म्हणजे ‘देव उत्तर देत नाही’ या वाक्याचे मूल्य सर्वत्र सारखे नाही. ज्या धर्माने जितके वचन दिले, तितकेच मौन त्याला जड जाते.

परंतु येथे आस्तिकाने फार लवकर सुटकेचा निःश्वास टाकू नये, कारण योग्यतेची ही तलवार दुधारी आहे. ईश्वर आढळण्यास योग्य नाही, म्हणून त्याचे मौन त्याच्याविरुद्ध धरू नका, अशी सवलत ज्याने एकदा मागून घेतली, त्याला मुलगा परीक्षेत उत्तीर्ण झाला किंवा दुखणे उतरले म्हणजे ‘हे त्याचेच उत्तर’ असे म्हणण्याचा हक्क उरत नाही. जे यंत्र पिंगाला उत्तर देण्याच्या नियमातून मुक्त आहे असे आपण मानले, त्याच्या नावाने एखादे उत्तर पडद्यावर उमटलेच तर शहाणा तंत्रज्ञ आनंदित होत नाही. हे दुसरेच कोणी बोलत नाही ना, याची तो शहानिशा करू लागतो. मौन हिशेबात धरायचे नसेल तर उत्तरही धरता येत नाही, आणि उत्तर धरायचे असेल तर मौनाचीही नोंद त्याच वहीत, त्याच शाईने करावी लागते. आपल्या घरोघरी होणारा देवाचा जमाखर्च पाहिला तर तो बहुतेक एकाच रकान्याचा असतो; जमेच्या बाजूला नोंदी दाट, आणि खर्चाची बाजू ‘त्याची इच्छा’ या एका शेऱ्याखाली कोरी ठेवलेली.

आणि उत्तर आलेच तर ते कोणाचे, हा प्रश्न उरतोच. लाइन तपासताना तंत्रज्ञ ती मधल्याच एखाद्या ठिकाणी स्वतःवर वळवून देतात, याला लूप देणे म्हणतात; धाडलेला संकेत जसाच्या तसा परत आला म्हणजे तेथपर्यंतची वाट शाबूत असल्याची खातरजमा होते. परंतु काम आटोपल्यावर हा लूप काढायचे कधी कधी राहून जाते, आणि मग राउटराला पलीकडून उत्तरे येत असल्याचा भास होतो; प्रत्यक्षात तो स्वतःचेच शब्द ऐकत असतो. यावर पीपीपी या पद्धतीत १९९०च्या दशकापासून एक तोडगा आहे. संभाषण जुळवताना प्रत्येक बाजूने यदृच्छेने एक मोठा आकडा निवडायचा आणि तो आपल्या संदेशात घालायचा. पलीकडून वेगळा आकडा आला तर तेथे दुसरा कोणी आहे, आपलाच आकडा वारंवार परत आला तर समजायचे की पलीकडे कोणी नसून हा आपलाच प्रतिध्वनी आहे.

साधकाला याहून कठोर आणि याहून न्याय्य कसोटी मला सुचत नाही. जो आतला आवाज माझ्या रागाला पुष्टी देतो, माझ्या शत्रूंना दोषी ठरवतो, मला जे आधीच करायचे होते त्याला संमती देतो, त्याच्यावर माझाच आकडा लिहिलेला आहे. तो कितीही गंभीर स्वरात आला तरी तो लूपच. ज्या उत्तराने माझा प्रश्नच बदलला, जे मला गैरसोयीचे होते, जे माझ्याकडून निघणे शक्य नव्हते, त्यातच दुसऱ्या कोणाची तरी खूण असण्याचा संभव आहे. संभव एवढेच म्हणतो, कारण वेगळा आकडा पलीकडे कोणी तरी आहे एवढे सांगतो. तो कोण, हे सांगत नाही. तुकोबांच्या कित्येक फिर्यादींचा शेवट मागणी पुरी होण्यात न होता मागणारा पालटण्यात होतो, ही गोष्ट या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते.

या विवेचनातून ईश्वर आहे किंवा नाही यांपैकी एकही निकाल निघत नाही, आणि तो निघावा अशी अपेक्षाही नव्हती. निष्पन्न होते ती केवळ कार्यपद्धती: नास्तिकाने आधी सांगावे की ईश्वर असता तर तो कोठे, कशा रीतीने, किती मुदतीत आढळला असता, आस्तिकाने आधी सांगावे की आपल्या देवाने आपल्याला नेमके काय वचन दिले आहे आणि ते मोडले असे आपण केव्हा मानू. एवढी दोन प्रतिज्ञापत्रे दाखल होईपर्यंत एकाचा ठाम नकार आणि दुसऱ्याचा ठाम होकार, हे दोन्ही अर्ज अपुऱ्या कागदपत्रांच्या शेऱ्यानिशी ज्याचे त्याला परत पाठवणे, हाच न्यायाचा मार्ग होय.